नऊ चौकटी आणि कडेला उभे असलेले आजोबा

आजचा एपिसोड ऐकताना हातात फोन असेलच, तर एक काम करा. गॅलरी उघडा आणि वर किती फोटो आहेत तो आकडा बघा. माझ्याकडे मागच्या महिन्यात तो एकोणीस हजारांच्या पुढे होता. आता दुसरा प्रश्न. यातले कागदावर किती आहेत? माझं उत्तर होतं, पासपोर्ट साइजचे आठ. तेही बँकेसाठी काढलेले.

तर आज आपण बोलणार आहोत खूप सारे फोटो अल्बमच्या किंवा स्क्रॅपबुकच्या पानांवर टेम्प्लेट वापरून कसे बसवायचे, यावर. आणि मी त्यात कसा माती खाल्ली, यावर.

झालं असं की आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. म्हणजे हजार पौर्णिमा बघून झाल्या, साधारण ८१व्या वर्षी करतात तो कार्यक्रम. घरात कामं वाटली गेली. काकांकडे गुरुजी आणि जेवण, आत्याकडे साडी आणि ओवाळण्याची तयारी, आणि माझ्याकडे बघून बाबा म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला, तू फोटोंचं पुस्तक कर." आयटीत असलं की घरातला प्रिंटरसुद्धा आपणच दुरुस्त करायचा असतो, हे तुम्हाला माहीत आहेच.

मला वाटलं, दोन तासांचं काम. फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला, "आजीचे फोटो पाठवा." चार दिवसांत ३१०० फोटो! त्यात लग्नं, बारशी, गावची जत्रा, पुरणपोळीचे सतरा फोटो आणि दोन-तीनशे गुड मॉर्निंगची गुलाबाची फुलं. फुलं काढली, स्क्रीनशॉट काढले, एकाच क्षणाचे सात-सात फोटो होते त्यातला एकेक ठेवला, तरी ६०० उरले.

मग मी काय केलं? कॅनव्हा उघडलं, नऊ समान चौकोनांचं एक देखणं टेम्प्लेट निवडलं, आणि धडाधड फोटो टाकत सुटलो. प्रत्येक पानावर नऊ. रात्री दीडपर्यंत पुस्तक तयार. सकाळी चौकातल्या डिजिटल प्रिंटवाल्याकडून नमुन्याची प्रत काढली आणि शनिवारी गावी घेऊन गेलो.

आजीनं चष्मा लावला. एकेक पान बोट फिरवत बघत होती. पाचव्या पानावर थांबली. आत्याच्या मुलीच्या लग्नातला ग्रुप फोटो होता, अकरा जण एका ओळीत. आजीनं तो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "अरे, आणि हे कुठंयत?"

"हे" म्हणजे आमचे आजोबा. मी म्हटलं, "अगं आजी, ते नसतील त्या फोटोत." ती म्हणाली, "नसतील कसे? माझ्याकडे बघून म्हणाले होते, गुडघा दुखतोय, मी कडेला खुर्ची धरून उभा राहतो. शेवटचं लग्न ते त्यांचं. पुढच्या दिवाळीला नव्हते."

मी फोनमधला मूळ फोटो उघडला. आजोबा होते. अगदी उजव्या कडेला, एक हात खुर्चीच्या पाठीवर. माझ्या देखण्या टेम्प्लेटनं त्यांना कापलं होतं.

आता यात जादू काही नाही, साधं गणित आहे. फोनचा आडवा फोटो बहुतेक वेळा ४:३ असतो, म्हणजे रुंदी चार भाग, उंची तीन भाग. चौरस चौकटीत तो टाकला की सॉफ्टवेअर उंची पूर्ण बसवतं आणि जादा रुंदी दोन्हीकडून सारखी कापतं. चार भागांतला एक भाग गेला, म्हणजे प्रत्येक बाजूनं साडेबारा टक्के. १६:९ चा फोटो असेल तर प्रत्येक बाजूनं जवळजवळ बावीस टक्के! ग्रुप फोटोत त्या साडेबारा टक्क्यांत एक अख्खा माणूस मावतो. दुसऱ्या टोकाला एक चुलत मामा होते, तेही कापले गेले. पण त्यांचे बाकी पंधरा फोटो होते.

चूक टेम्प्लेटची नव्हती, माझी होती. मधला भाग ठेवायचा हा त्याचा डिफॉल्ट, आणि मी तो न बघता पुढे ढकलला. कोड रिव्ह्यूमध्ये असं कुणी केलं असतं, तर मीच त्याला सुनावलं असतं.

ते पुस्तक मी बाजूला ठेवलं आणि नव्यानं सुरुवात केली. यावेळी क्रम उलटा. आधी फोटो, मग टेम्प्लेट. नीट ऐका, हा भाग तुमच्या कामाचा आहे.

पहिलं, फोटो मोजा, पण आकारानं. आडवे किती, उभे किती, आणि रुंद ग्रुप फोटो किती. तीन फोल्डर करा. मी ६०० वरून २२० वर आलो. प्रत्येक प्रसंगाला एकच नियम लावला: एक फोटो जागेचा, एक माणसांचा, आणि एक-दोन बारीक गोष्टींचे. तव्यावरची पोळी, हातावरची मेंदी, दारातली रांगोळी असे. बाकी सगळे राम राम.

दुसरं, टेम्प्लेट फार नकोत. अख्ख्या पुस्तकाला मी फक्त तीन वापरली. पहिलं, एक मोठी चौकट आणि बाजूला चार छोट्या. दुसरं, वर पूर्ण रुंदीची एक पट्टी ग्रुप फोटोसाठी आणि खाली तीन चौकटी. तिसरं, नऊ चौकटी, पण चौरस नाही, आडव्या. ४० पानांपैकी २० पानं पहिल्या प्रकारची, १२ दुसऱ्या आणि ८ तिसऱ्या. म्हणजे १०० अधिक ४८ अधिक ७२, झाले २२०. तुम्ही म्हणाल, तेच तेच दिसेल. नाही दिसत. तेच टेम्प्लेट आरशासारखं उलटं करा, मोठी चौकट डावीकडून उजवीकडे जाते. दोन छोट्या चौकटी जोडून एक उभी करा. दोन फोटोंमधली फट मात्र सगळीकडे सारखी ठेवा. मी चार मिलिमीटर ठेवली. ती फट सारखी असली की गर्दीचं पानही नीटनेटकं दिसतं.

तिसरं, कुठला फोटो किती मोठा, हे फोटोच्या ताकदीवर ठरवा. छपाईला साधारण ३०० पीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल, असा हिशेब धरतात. व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीनं आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. माझ्याकडच्या बऱ्याच फोटोंची लांब बाजू १६०० पिक्सेल होती. असा फोटो आडव्या ए-फोर पानभर ताणला की एका इंचात जेमतेम १३७ पिक्सेल येतात. चेहरे पिठासारखे दिसतात. पण नऊ चौकटींच्या पानात एक चौकट असते सुमारे नऊ सेंटिमीटर बाय सहा. तिथे तोच फोटो झकास दिसतो. म्हणून मोठ्या चौकटीसाठी मूळ फोटोच मागवा, आणि पाठवणाऱ्याला सांगा, "डॉक्युमेंट म्हणून पाठव." जुने कागदी फोटो असतील तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा. ते दुप्पट मोठे छापले तरी चालतात.

चौथं, प्रत्येक चौकटीत फोटो हातानं सरकवा. कॅनव्हात फ्रेममधल्या फोटोवर दोनदा टॅप केलं की तो आतल्या आत हलवता येतो. २२० फोटोंना हे करायला मला एक अख्खा रविवार लागला. प्रत्येक फोटोत दोन्ही कडा बघितल्या: कुणी कापलं जातंय का? पुस्तकाच्या मधल्या घडीजवळ चेहरा येतोय का? आणि पानाच्या टोकापर्यंत जाणारा फोटो असेल, तर तीन मिलिमीटर जादा ठेवा. कटिंगमध्ये तेवढं इकडे-तिकडे होतं. शेवटी फाइल "पीडीएफ प्रिंट" या प्रकारात घ्या.

पाचवं, आणि हे मला आजीनं शिकवलं. एक चौकट रिकामी ठेवा. तिथे नावं लिहा.

कारण दुसऱ्यांदा गावी गेलो तेव्हा मी तिच्याजवळ बसलो, फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि जुने फोटो एकेक करून दाखवले. तिच्या लग्नातला १९६३चा एक काळा-पांढरा फोटो आहे. चौदा माणसं. बाबांना त्यातली पाच ओळखता आली, काकांना सहा. आजीनं चौदाच्या चौदा सांगितली, डावीकडून उजवीकडे, शिवाय कोण कुणावर रुसलं होतं तेही. मला तेव्हा जरा भीती वाटली. हा फोटो माझ्या क्लाउडवर तीन ठिकाणी जपलेला आहे. पण त्यातली आठ नावं फक्त एका माणसाच्या डोक्यात होती, आणि त्याचा बॅकअप नव्हता.

एक गंमत सांगतो. मार्क ट्वेन हा मोठा लेखक, त्यानं १८७३मध्ये स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं. पानांवर आधीच गोंद लावलेला, तुम्ही फक्त ओलं करायचं आणि कात्रण चिकटवायचं. म्हणजे आपला वेळ वाचवायची धडपड दीडशे वर्षं जुनी आहे. चिकटवायचं काम सोपं झालं. काय चिकटवायचं आणि कुणाला ठेवायचं, ते मात्र तेव्हाही आपल्यालाच ठरवावं लागत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी पुस्तक आजीच्या हातात दिलं. तो ग्रुप फोटो आता वरच्या रुंद पट्टीत होता, अकराच्या अकरा माणसं. आजीनं उजव्या कडेला बोट ठेवलं, आजोबांच्या हाताखालच्या खुर्चीवर. काही बोलली नाही. पान उलटलं. मग थोड्या वेळानं आत्याला हाक मारून म्हणाली, "पोरानं नीट बसवलंय हां सगळ्यांना."

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. २२० फोटो नकोत. फक्त एक पान करा. एक मोठी चौकट, चार छोट्या, एक रिकामी नावांसाठी. आणि ती नावं विचारायला घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला फोन करा. मेसेज नको, फोन. पान छापून झालं की कडा एकदा बघा, कुणी राहिलं नाही ना.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या. बाय!