खरखर नको, संवाद हवा

मोबाइलचा चार्जर रेडिओजवळ असला, की मध्यम लहरींवरच्या कार्यक्रमात कधी कधी खरखर येते. चार्जरमधला ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, आणि त्यातून उठलेला विद्युत गोंगाट रेडिओ पकडतो.

मोबाइल टॉवरखालच्या यंत्रणेपुढेही हाच प्रश्न असतो. तिथे वीजपुरवठा बहुधा उणे ४८ व्होल्टचा असतो. तो १२ किंवा ५ व्होल्टवर उतरवताना असाच गोंगाट तयार होतो. ‘सिस्पर ३२’ हे आंतरराष्ट्रीय मानक त्याला मर्यादा घालतं. तारांवाटे जाणारा गोंगाट १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मोजतात, तर हवेतून पसरणारा ३० मेगाहर्ट्झच्या वर.

यावर उपाय आराखड्यातच करायचा असतो. वेगानं चालू-बंद होणाऱ्या प्रवाहाचा मार्ग सर्किट बोर्डवर जितका आखूड, तितका गोंगाट कमी. म्हणून कपॅसिटर ट्रान्झिस्टरला अगदी खेटून बसवतात आणि खाली तांब्याचा सलग थर ठेवतात. वीज आत येते तिथेच फिल्टर हवा. तो दूर बसवला, तर गोंगाट त्याला वळसा घालून निसटतो.

यंत्रणेनं बाहेरचे धक्केही सोसले पाहिजेत. वीज कडाडल्यावर तारांत उसळणारा दाब आणि बोटाच्या स्पर्शातून उडणारी स्थिर विजेची ठिणगी, या दोन्हींच्या चाचण्या घेतल्या जातात.

नवोदित अभियंत्यांनो, चाचणीत नापास झाल्यावर ठिगळं लावण्यापेक्षा पहिल्या आराखड्यापासूनच हा विचार करा. ते स्वस्तही पडतं आणि टिकतंही.