मासळीच्या पोटांतील भूगोल

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पकडलेली मासळी मनोरसारख्या आंतल्या बाजारगांवांतहि विकली जाते. ती नेमकी कोणत्या पाण्यांतून आली, हें टोपलीकडे पाहून सांगतां येत नाहीं. तथापि माशाच्या अंगीं त्याच्या मूळ ठिकाणाची एक खूण असते. ही खूण म्हणजे त्याचे कल्ले, आंतडीं, यकृत व मांस ह्यांत वस्ती करणारे परोपजीवी जीव.

हे जीव वाटेल तेथें राहूं शकत नाहींत. कित्येक पर्णकृमींना आयुष्य पुरें करण्यास तीन यजमान लागतात: प्रथम शंखांतील गोगलगाय, मग लहान मासा किंवा कोळंबी, आणि शेवटीं मोठा मासा अथवा मासे खाणारा पक्षी. ही सांखळी एके ठिकाणीं तुटली कीं त्या भागांतून तो कृमि नाहींसा होतो. खाडीकांठच्या तिवरांच्या चिखलांत राहणारी गोगलगाय खोल दर्यांत आढळत नाहीं. म्हणून वैतरणेच्या खाडींत वाढणाऱ्या माशांचे पाहुणे निराळे आणि खोल पाण्यांतील माशांचे निराळे. पाण्याची उष्णता, खारटपणा, खोली आणि माशाचें अन्न ह्यांमुळेंहि हा फरक वाढत जातो.

ऑस्ट्रेलियांतील प्राणिशास्त्रज्ञ क्लाउस रोडे ह्यांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत निरनिराळ्या समुद्रांची तुलना केली. कल्ल्यांना आंकड्यांनीं चिकटून एकाच यजमानावर जगणाऱ्या कृमींच्या जाती, दर मत्स्यजातीमागें, थंड समुद्रांपेक्षां उष्ण समुद्रांत अधिक असतात, असें त्यांना आढळलें. अनेक यजमान बदलणाऱ्या पर्णकृमींत मात्र अशी वाढ दिसून आली नाहीं.

ह्या ज्ञानाचा व्यावहारिक उपयोगहि झाला. उत्तर पॅसिफिक महासागरांत अमेरिकेच्या व आशियाच्या नद्यांतील साल्मन मासे एकत्र मिसळतात. तेथें जाळ्यांत सांपडलेला मासा कोणत्या किनाऱ्याचा, हा राष्ट्राराष्ट्रांमधील वादाचा प्रश्न होता. कॅनडाचे शास्त्रज्ञ लिओ मार्गोलिस ह्यांनीं १९६३ सालीं दाखवून दिलें कीं, अलास्कांतील ब्रिस्टल उपसागराकडील माशांच्या मांसांत एका पट्टकृमीची अळी सांपडते, तर कामचाटकाकडील माशांच्या आंतड्यांत एक निराळा सूत्रकृमि असतो. दोन्ही कृमि माशाला लहानपणीं गोड्या पाण्यांत जडतात आणि समुद्रांतहि त्याच्या सोबतीला राहतात.

आपल्याकडेहि असा प्रश्न क्षुल्लक नव्हे. बोंबील मुख्यतः गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणि बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागांत मिळतो. मधल्या दक्षिण किनाऱ्यावर तो विरळ आहे. पापलेट हा तर २०२३ सालीं महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. सातपाटीच्या जाळ्यांतील पापलेट व गुजरातेकडील पापलेट हे एकाच कळपाचे असतील, तर एका बंदरानें लहान पिलें पकडल्यास दुसऱ्या बंदराच्या होड्या रित्या परततात. कळप वेगळे असतील, तर प्रत्येकाच्या रक्षणाची व्यवस्था वेगळी हवी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवली जाते. परंतु केवळ दिवस ठरवून भागत नाहीं, कोणाचें रक्षण करावयाचें हेंहि कळावें लागतें. अशा निवाड्यांत कृमींची साक्ष, वंशद्रव्याच्या व कानांतील खड्यांच्या परीक्षेबरोबर, उपयोगी पडते.

हें ऐकून गृहिणींनीं मात्र धास्ती घेण्याचें कारण नाहीं. माशांतील बहुतेक परोपजीवी माणसाच्या शरीरांत जगत नाहींत. जे अपवाद आहेत, त्यांपैकीं ॲनिसाकिस नांवाच्या सूत्रकृमीचा विकार हॉलंडमध्यें १९६० सालीं प्रथम ओळखला गेला, तो हेरिंग मासा कच्चा खाण्याच्या रिवाजामुळें. मासळी आंतपर्यंत नीट शिजली कीं असे कृमि मरून जातात. कालवणाला चांगली उकळी येऊं द्यावी, तुकडी मध्यापर्यंत तळावी आणि मासळी साफ करतांना आंतडीं लवकर काढून टाकावींत, एवढें पथ्य पुरेसें आहे. त्या आंतड्यांत एखादा पांढुरका कृमि दिसला, तर तो मासा कोठें वाढला व काय खाऊन वाढला, ह्याचा तो एक लहानसा पुरावा आहे, इतकें ध्यानीं ठेवावें.