भाव पडला की फी अडते
(नामपूर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



कॉलेजातल्या मुलामुलींचा रोजचा ताण, हा विषय मला दिलाय. यावरचा सल्ला ठरलेला असतो: पहाटे उठा, वेळापत्रक करा, छंद जोपासा. एम.एस.डब्ल्यू. करताना मीही तेच शिकले. इथल्या मुलींना ते सांगितलं की त्या हसतात. पहाटे त्या उठलेल्याच असतात. पाणी, भाकरी, झाडलोट उरकून एसटी गाठायची असते.

आपल्या बागलाणातलं वर्ष कांद्यावर चालतं. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे ऐन दुसऱ्या सत्राच्या अभ्यासात मुलगी वावरात. भाऊही राबतो, नाही असं नाही. पण संध्याकाळी तो चौकात जातो, ती चुलीपुढे. 8 डिसेंबर 2023 ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव कोसळले. अशा वर्षी घरात काटकसर सुरू होते ती मुलीच्या कॉलेजपासून. भाव पडला की फी अडते, चढला की लग्न ठरतं, असं मुलीच सांगतात.

मग त्या हे पेलतात कशा? मला विचाराल तर, एसटीत. त्या प्रवासात वह्यांची देवाणघेवाण होते, रडून होतं, पाळीचं दुखणं बोललं जातं. कुणी मुलगा एखादीच्या मागे लागला असेल तर बाकीच्या तिला मधे बसवतात. घरची माणसं याला चकाट्या पिटणं म्हणतात. मी याला समुपदेशन म्हणते, आणि ते त्यांनी कुणाकडून शिकलेलं नाही.

पण त्रास देणाऱ्याचं नाव घरी सांगता येत नाही. सांगितलं तर त्याचं काही बिघडत नाही, हिचं कॉलेज बंद होतं. मग डोकं दुखतं, जेवण जात नाही, आणि दवाखान्यातून गोळ्या मिळतात. टेली-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास आहे. मात्र घरात एकच फोन, आणि तोही वडिलांच्या खिशात, तर तिने बोलायचं कुठून?

25 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की, 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता, किमान एक तरी हवा. तेव्हा आपापल्या भागातल्या कॉलेजात जा. समुपदेशक कोण, कोणत्या वारी बसतात, खोलीचं दार लागतं का, हे प्राचार्यांना विचारा. 2013 च्या कायद्याप्रमाणे नेमायच्या अंतर्गत तक्रार समितीतल्या सदस्यांची नावं फलकावर आहेत का, तेही पाहा. शेवटच्या तासानंतर मुलींना बस मिळते का, हा मला तणावाचाच प्रश्न वाटतो. त्यासाठी एसटीच्या आगारात अर्ज द्यावा लागेल. अर्जावर मुलींच्या सह्या घ्या. मात्र घरी कळेल म्हणून जी कचरते, तिला सहीचा आग्रह करू नका. तिच्याशेजारी एसटीत बसा.