पेटी माळ्यावर टाकू नका
(वर्धापनदिनी मंडळाच्या चित्रकला वर्गातील मुलींपुढे केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी बोलायला बाहेरून कोणी शिकलेल्या बाई येतात. यंदाच्या पाहुण्या ऐन वेळी आजारी पडल्या आणि चिटणीसबाईंनी मला उभे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चित्रकलेच्या परीक्षेला बसण्याआधीच माझी शाळा सुटली. तेव्हा चित्रकलेवर मी काय बोलणार! पण एक गोष्ट दोन वर्षे मनाला टोचते आहे, ती आज सांगून टाकते.

माझ्या थोरल्या मुलीने एलिमेंटरी दिली, मग इंटरमिजिएट दिली. दोन्हींत 'अ' श्रेणी. स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, सारे वेळेत आणि स्वच्छ. मी आळीभर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी तिने रंगांची पेटी फडक्यात बांधली आणि माळ्यावर टाकली. "अगं, का?" म्हटले, तर म्हणाली, "आता काय काढू? विषय कोण देणार?"

मुलींनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. याच मुलीला लहानपणी कोणी विषय द्यावा लागत नसे. पाच-सहा वर्षांची असताना तिने दुधाच्या रिकाम्या पिशव्या, काड्यापेट्या आणि माझ्या शिवणातल्या चिंध्या जमवून पलंगाखाली एक अख्खे गाव वसवले होते. गावाला नदी, नदीवर पूल, आणि पुलावर कागदाची निळी म्हैस. "म्हैस कधी निळी असते का?" असे म्हणून मी हसले. आणि दिवाळीच्या साफसफाईत ते सगळे गाव केरात काढले. ती रडलीसुद्धा नाही. पुढच्या वेळी तिने म्हैस काळी केली, एवढेच. शाळेत छान म्हणाले, मीही छान म्हणाले.

परीक्षा वाईट असे माझे म्हणणे नाही. हात बसावा लागतो. पण कणीक मळून नुसती झाकून ठेवली, तर ती आंबते.

माझे माहेर डहाणूकडचे. तिकडे वारली लोकांच्या घरी लग्न निघाले की भिंतीवर चौक लिहितात. तांदळाच्या पिठाचे पाणी आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढे साहित्य. हे काम सवाशिणींचे, आणि तेही लग्नकार्यापुरते. आमच्याच तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे हे लग्न असो वा नसो, रोज चित्रे काढू लागले. १९७० नंतरच्या काळातली ही गोष्ट. कोणत्या चित्रशाळेत ते गेले नव्हते. मासे धरायचे जाळे दिसले, काढले जाळे; आणि ते असे की सारा कागद भरून जावा. त्यांची चित्रे परदेशांत पोचली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. ज्या बायका पिढ्यान् पिढ्या भिंती लिहीत आल्या, त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत, हेही माझ्या मनात येतेच.

मग मी काय केले, ते सांगते. हसू नका. गेल्या श्रावणात ठरवले, की दारातली रांगोळी रोज नवी काढायची, ठिपक्यांच्या पुस्तकात न बघता. आणि आठवड्यातून एकदा पीठ-रंग न घेता, ओट्यावर जे असेल त्याचीच. मटाराच्या सालींचा मासा झाला, कांद्याच्या पापुद्र्यांची कोंबडी झाली. आमच्या घरचे म्हणाले, "आज दारात मंडई भरली वाटतं." तेव्हा धाकट्याने मोबाइलवर एक चित्र काढून त्यांच्यापुढे धरले. पिकासोने १९४२ साली जुन्या सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके केले होते, ते! त्यानंतर मंडईचे नाव निघाले नाही. अर्थात सगळेच काही जमत नाही. दुधीच्या सालींचा मोर केला, तो शेजारच्या बाईंना ओला टॉवेल वाटला.

एके सकाळी थोरली कॉलेजला निघताना माझ्या कोंबडीपाशी थांबली. म्हणाली, "आई, हिला डोळा नाही." आत जाऊन मोहरीचा एक दाणा आणला आणि ठेवला. मग दप्तर खाली ठेवून कढीपत्त्याची शेपटी लावत बसली. बस चुकली. मी रागावले नाही, हे माझ्या मानाने पुष्कळच. पेटी तिने अजून खाली काढलेली नाही, पण शिडी कोठे ठेवली आहे, असे परवा विचारत होती.

आता कामाचे. मंडळाच्या मागची, नळाकडची भिंत कमिटीने या मुलींना दिली आहे. चुना मी आणि कोठीवाल्या बाईंनी मिळून लावला आहे. येत्या रविवारी चार वाजता जुने कपडे घालून या. विषय दिलेला नाही, बक्षीस नाही, परीक्षक नाहीत. रंग कमी पडले तर गेरू, हळद, कोळसा आहेच. एकटीने कोपरा घ्या, चौघींनी मिळून घ्या; बिघडले तर पुन्हा चुना मारू, अर्धी बादली उरला आहे. आयांना एवढीच विनंती, की दिवेलागणीपर्यंत तिकडे फिरकू नका. आणि गेल्यावर निळी म्हैस दिसली, तर मुलीला काही न बोलता मला हाक मारा.