तट आणि पहारेकरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला हळदीकुंकू, फुगड्या, बक्षीससमारंभ हे सारे असावेच. अशा मंगल प्रसंगी आगीचा विषय काढू नये, असे कुणाच्या मनात येईल. पण आग काही मुहूर्त पाहून येत नाही. 6 नोव्हेंबर 2021 हा दिवस आठवा. त्या दिवशी भाऊबीज होती. घरोघरी ओवाळणीची ताटे तयार होत होती आणि त्याच सकाळी आपल्या नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोरोनाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून 11 रुग्ण दगावले. त्याच वर्षी 9 जानेवारीच्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि 10 बाळे गेली. ही माणसे आपल्या पायांनी बाहेर येऊ शकत नव्हती. ज्याला धावता येत नाही, त्याला इमारतीनेच वाचवावे लागते. आजचे माझे सांगणे एवढ्यासाठीच आहे.

आता आपल्या मुली-सुना घरातच असतात असे नाही. कुणी कापडदुकानात आहे, कुणी दवाखान्यात, कुणी पुण्याकडच्या कारखान्यात. शिवाय आपल्या मंडळाने शिवणकेंद्र काढायचे योजिले आहे. तेव्हा दुकान, गोदाम, कारखाना यांतील आगीपासूनचे संरक्षण कसे असते, हे आपल्याला कळलेच पाहिजे.

हे संरक्षण दोन प्रकारचे असते. पुस्तकी भाषेत त्यांना निष्क्रिय आणि सक्रिय संरक्षण म्हणतात. नावे अवघड वाटली तर आपल्या तालुक्यातला खर्ड्याचा भुईकोट किल्ला डोळ्यांपुढे आणा. किल्ल्याला तट असतो आणि तटावर पहारेकरी असतो. तट दिवसरात्र आपला उभा असतो, त्याला कुणी उठवावे लागत नाही. पहारेकरी मात्र जागा हवा, त्याच्या हाती हत्यार हवे आणि त्याची हाक ऐकणारे लोक हवेत. इमारतीचेही तसेच आहे.

आधी तटाकडे पाहू. भक्कम विटांच्या भिंती, बंदिस्त जिना, आग अडविणारी दारे आणि बाहेर पडण्याच्या दोन निराळ्या वाटा हा इमारतीचा तट. लागलेली आग एका खोलीत कोंडून ठेवायची आणि तेवढ्या वेळात माणसांना बाहेर जाऊ द्यायचे, हे त्याचे काम. आग अडविणारे दार एक तास, दोन तास टिकेल अशा हिशेबाने बनवितात. ते आपोआप मिटावे अशी त्याची रचना असते. वारा यावा म्हणून आपण त्याला वीट लावून ठेवतो आणि इतक्या पैशांचे दार फुकट घालवितो. विजेच्या तारा आणि नळ नेण्यासाठी भिंतीला भोके पाडलेली असतात. ती आगीला दाद न देणाऱ्या मसाल्याने बुजवावी लागतात. तिथे चिंध्या कोंबल्या तर त्याच वाटेने धूर वर चढतो.

धुराचे नाव मुद्दाम घेतले. आगीत माणसे ज्वाळांनी मरतात असे आपल्याला वाटते, पण पुष्कळदा आधी धुरानेच गुदमरतात. 29 डिसेंबर 2017 रोजी मुंबईत कमला मिल आवारातील उपाहारगृहाच्या आगीत 14 जण गेले. बाहेरची वाट न सापडल्याने अनेकांनी स्वच्छतागृहात आसरा घेतला होता आणि तिथे धुराने त्यांना गाठले. म्हणून धूर झाला तर खाली वाकून, जमिनीलगत सरकत बाहेरची वाट धरावी. लिफ्टमध्ये पाऊल घालू नये.

आता पहारेकरी. धूर ओळखून घंटा वाजविणारे यंत्र, भिंतीवरचा लाल सिलिंडर, पाण्याचे नळ व गुंडाळलेली रबरी नळी, आणि छतातून पाणी शिंपडणारे स्प्रिंकलर ही या पहाऱ्यातली मंडळी. स्प्रिंकलरची युक्ती ऐकण्यासारखी आहे. 1874 साली अमेरिकेत हेन्री पार्मली नावाच्या गृहस्थाने आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी आपोआप चालणारे स्प्रिंकलर तयार केले. आज जे पाहायला मिळतात, त्यांच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी असते. नेहमीच्या प्रकारात 68 अंश सेल्सिअसला ती फुटते आणि पाणी सुटते. सिनेमात एकदम सगळीकडे पाऊस पडताना दाखवितात, तसे होत नाही. जिथे उष्णता पोहोचली तिथलेच तोंड उघडते.

लाल सिलिंडरवर लहानसे घड्याळ असते. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात असला पाहिजे. वापरताना खीळ काढावी, नळीचे तोंड ज्वाळेच्या शेंड्याकडे न धरता मुळाकडे धरावे, मूठ दाबावी आणि झाडू मारल्यासारखी नळी डावी-उजवीकडे फिरवावी. आग लहान असेल आणि बाहेरचे दार आपल्या पाठीशी असेल, तरच हे धाडस करावे. वीज चालू असलेल्या ठिकाणी आणि पेटलेल्या तेलावर पाणी कधी ओतू नये.

पहारेकऱ्याची अडचण अशी की त्याला सांभाळावे लागते. घंटेची बॅटरी उतरली, सिलिंडरची मुदत संपली, पंप बंद पडला, तर सगळी यंत्रे शोभेची. आपल्या तालुक्याला उन्हाळ्यातली पाण्याची ओढ नवी नाही. पण आगीसाठीची टाकी वेगळी ठेवून भरलेलीच असली पाहिजे. ते पाणी धुण्याभांड्यांना काढता कामा नये.

आणि तट फोडून ठेवला तर पहारेकरी एकटा काय करील? 25 मार्च 1911 रोजी न्यूयॉर्क शहरात ट्रँगल शर्टवेस्ट नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. कारखाना इमारतीच्या वरच्या मजल्यांवर होता. आग विझवायला पाण्याच्या बादल्या होत्या, पण जिन्याचे एक दार कुलूप लावून बंद केलेले होते. कामगारांनी माल चोरून नेऊ नये म्हणून ही खबरदारी! 146 जीव गेले. त्यांत बहुतेक शिवणकाम करणाऱ्या तरुण मुली होत्या. इतकी वर्षे झाली, जग केवढे पुढे गेले, तरी 7 जून 2021 रोजी पुण्याजवळ मुळशी तालुक्यात उरवडे येथे रसायनांच्या कारखान्यातील आगीत 17 कामगार मृत्युमुखी पडले, आणि त्यांतही बहुतेक बायाच होत्या. पोटासाठी घराबाहेर पडलेल्या बाईला कामाची जागा कशी आहे हे विचारण्याचा हक्क नाही काय?

कायदा आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे ही जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा ती वापरणाऱ्यावर आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. तो दाखला पाहायला मागणे म्हणजे भांडण उकरणे नव्हे.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येते. शिवणकेंद्रासाठी जी जागा पाहिली आहे ती पेठेत आहे, भाडे कमी आहे, उजेडही चांगला आहे. पण ती माडीवर आहे, वर जायला अरुंद असा एकच जिना आहे आणि खाली रंग व थिनरचे दुकान आहे. खाली पेटले तर धूर त्याच जिन्याने वर येईल. वर वीस-पंचवीस बाया, कापडाचे ढीग आणि शिलाई यंत्रांच्या तारा. कुणाची तान्ही मुलेही बरोबर असतील. तिथे आपण चार सिलिंडर टांगले तरी तट नाही तो नाहीच. सिलिंडर उद्या विकत आणता येतो, दुसरा जिना उद्या आणता येत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की भाडे थोडे जास्त पडले तरी तळमजल्याची, दोन दारांची जागा घ्यावी. दारे बाहेरच्या बाजूला उघडणारी असावीत आणि कामाच्या वेळी त्यांना कुलूप नसावे. वाटेत कापडाचे गठ्ठे ठेवू नयेत. एका पिनेवर चार यंत्रे जोडू नयेत, आणि घरी जाताना मेन स्विच बंद करण्याचे काम आळीपाळीने एकीकडे द्यावे. वाढीव भाड्यासाठी पापड-कुरडयांची एक जादा विक्री करू, त्यात मी माझा वाटा उचलीन. आणि दर वर्षी 14 एप्रिलला, म्हणजे मुंबई गोदीतल्या 1944 च्या स्फोटात कामी आलेल्या बंबवाल्यांच्या स्मरणाच्या दिवशी, सर्वांनी घंटा वाजवून बाहेर पडण्याचा सराव करावा. किती मिनिटांत जागा रिकामी होते ते घड्याळ लावून पाहावे. 101 हा क्रमांक मुलाबाळांकडून पाठ करून घ्यावा, 112 वरही मदत मिळते.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्या आज्या सांगत आल्या. जागेचा करार अजून व्हायचा आहे, तोवर आपल्या हाती वेळ आहे. कार्यकारी मंडळाने येत्या बैठकीत याचा निर्णय घ्यावा, अशी सूचना मांडते.