कॉलेज तिनंच का सोडायचं?



३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटला एक तरुण प्राध्यापिका कॉलेजला निघाली होती. तिला आधीपासून त्रास देणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने भर रस्त्यात पेट्रोल टाकून तिला पेटवलं. १० फेब्रुवारीला ती नागपूरला दवाखान्यात वारली. १९९० साली उल्हासनगरला दहावीच्या परीक्षा केंद्रात शिरून एका मुलीला असंच जाळलं होतं. अशा घटनांना आपण 'एकतर्फी प्रेम' म्हणतो. प्रेम म्हटलं की त्यामागचा छळ दिसेनासा होतो.

छळ ओळखायचा कसा? मुलीने 'नाही' म्हटल्यावर तो काय करतो ते बघा. आपल्या साकोली, तुमसर, पवनीच्या कॉलेजांत खेड्यापाड्यांतून मुली एसटीने येतात. तो रोज तिच्याच गाडीत चढतो, फाटकाशी उभा राहतो, मैत्रिणींकडून नंबर काढतो, जीव देण्याची धमकी देतो. एकेक गोष्ट किरकोळ वाटते. तारीख, वेळ, जागा आणि कोणी पाहिलं ते वहीत ओळीने लिहा, मग तिचं गांभीर्य कळतं. मेसेज पुसू नका.

नकार दिल्यावरही वारंवार पाठलाग करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. लैंगिक छळाची लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे द्यायची. छळणारा बाहेरचा असला तरी कॉलेजला हात झटकता येत नाहीत. धोका समोर उभा असेल तर ११२ लावा.

एवढं असूनही मुली गप्प का बसतात? मला त्या सांगतात, "ताई, घरी कळलं तर कॉलेज बंद, आणि उन्हाळ्यात लग्न." त्यांना त्या मुलाइतकीच घराचीही भीती वाटते. म्हणजे तो मोकळा फिरणार आणि शिक्षा हिला!

म्हणून तक्रार लिहून देण्यावर आपलं काम संपत नाही. मुलीसोबत तिच्या घरी जा. आईवडिलांना पहिल्यांदा हेच सांगा, की चूक तिची नाही, ती कॉलेज सोडणार नाही. काही दिवस तिच्यासोबत गाडीला कोण जाईल तेही तिथेच ठरवा. आणि आपापल्या गावच्या कॉलेजात जाऊन समितीच्या सदस्यांची नावं, फोन नंबर फलकावर आहेत का ते बघा. नसतील तर प्राचार्यांना लेखी मागा, पोच घ्या.