जुनी वास्तू आणि नवा व्यवसाय



१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यास आली. पुढल्या वर्षी ती कल्याणला पोचली. आपली गावे वाढत गेली, तशी जुन्या वाड्यांच्या तळमजल्यांवर दुकाने आली. अशा वास्तूत व्यवसाय काढावा का? माझे उत्तर आहे, जरूर काढावा. जी वास्तू काही मिळवत नाही, तिच्या डागडुजीला पैसा कोठून येणार? पण मिळकतीचा काही भाग वास्तूकडे परत गेला पाहिजे आणि तिच्या हाडांना धक्का लागता कामा नये.

त्याच आगगाडीने मुंबईस उतरा आणि दोन इमारती पाहून या. हॉर्निमन सर्कलमधील एल्फिन्स्टन बिल्डिंग एकोणिसाव्या शतकातली. २०१२ मध्ये स्टारबक्स कंपनीने भारतातले आपले पहिले कॉफीगृह तिथे उघडले. व्यवसाय नवा आला, दगडी कमानी जागच्या जागी राहिल्या. दुसरी इमारत काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल. बिडाच्या सांगाड्याच्या या इमारतीत १८९६ साली ल्यूमिएर बंधूंची चलचित्रे दाखवली गेली. पुढे हॉटेल बंद झाले, खोल्या पाडून भाड्याने दिल्या गेल्या. कार्यालये भरलेली होती, निगा मात्र राहिली नाही. २००५ मध्ये एक भाग कोसळून एक जीव गेला आणि २०१९ मध्ये इमारत रिकामी करावी लागली.

पालकहो, हाडे म्हणजे काय ते सांगतो. जुन्या बांधकामात जाड भिंत हाच खांब असतो. रुंद शटर बसवण्यासाठी ती फोडली, तर वरच्या मजल्यांचा भार कोणी पेलायचा? चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजतात. राहत्या खोलीत मालाचे गठ्ठे रचले की लाकडी तक्तपोशीवर दुप्पट-तिप्पट भार येतो. जुन्या वायरिंगवर वातानुकूलन यंत्रे चालवणे म्हणजे आगीला आमंत्रण.

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला एक चार मजली इमारत कोसळून १७ माणसे दगावली. ती इमारत ऐतिहासिक नव्हती, पण तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते आणि खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. शोभेच्या कामापायी एवढे प्राण जावेत, ही गोष्ट मनात ठेवा. म्हणून हातोडा उचलण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या, पालिकेची परवानगी घ्या. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींसाठी वेगळी नियमावली आहे. आपली वास्तू अशा यादीत आहे काय, याची चौकशी आपापल्या पालिकेत करा.

विद्यार्थी मित्रांनो, चुना मळणारा गवंडी, सागवानी तुळई सांधणारा सुतार आणि त्यांच्या कामाचा हिशेब जाणणारा इंजिनिअर यांची आज वाण आहे. शिक्षण घेतले म्हणून हाताचा हुनर हलका मानू नका. अंजुमन-ए-इस्लामची १८९३ सालची इमारत पाहा. तिच्यात आजही शाळा भरते. वास्तू वापरात राहिली आणि तिची निगा राखली, तर ती पिढ्यान्‌पिढ्या साथ देते.